शेवटची बस सुटण्याआधी

गोव्यातल्या सांगे तालुक्यात, एका शाळेच्या सभागृहात, आमच्या छोट्या चित्रपट महोत्सवातला माहितीपट संपला होता आणि चर्चेला नुकती कुठे सुरुवात झाली होती. धरणासाठी उठवल्या गेलेल्या गावांवरचा तो माहितीपट गोव्यापासून फार दूरच्या नदीकाठचा होता. त्यातली भाषा समोरच्या कुणालाच येत नव्हती आणि त्यातले डोंगरही आपल्या डोंगरांसारखे नव्हते. पण पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या घरांची जोती पडद्यावर आली, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या बायका एकमेकींच्या कानाशी लागल्या. त्यांच्यातली एक वयस्क बाई चर्चेच्या वेळी आपणहून उभी राहिली. साळावली धरणात कुर्डी गाव बुडाल्यावर वसवलेल्या वालकिणीच्या पुनर्वसन वसाहतीतून ती आली होती. तिने पदर सारखा केला, पुढे केलेला माईक हाताने बाजूला सारला आणि ती म्हणाली, "आमच्या कुर्डीच्या घराचं जोतं दर मे महिन्यात वर येतं. सगळी बघायला जातात. पण मी..." एवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या संयोजकांनी हात वर केला आणि सांगितले, "काकी, बस लागली हां." तिची सगळी रांगच उठली. पिशव्या गोळा झाल्या, चपला सापडल्या, कुणीतरी कुणाच्या तरी नातीला हाक मारली आणि बघता बघता सभागृह अर्धे रिकामे झाले.

त्या वाक्यात पुढे काय होते, ते मला आजही ठाऊक नाही.

त्या क्षणी मला संयोजकांचा राग आला. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी हयातभर भूगोल शिकवला आणि आसपासच्या गावांतली निम्मी माणसे त्यांची विद्यार्थी आहेत, त्यामुळे सगळे त्यांना सरच म्हणतात. खुर्च्या एकात एक रचताना मी त्यांना विचारले, की सर, त्या बाईंचे एक वाक्य तरी पुरे होऊ द्यायचे होते, त्यासाठीच तर आपण हे सगळे मांडतो ना? त्यांनी खुर्ची खाली ठेवली आणि शांतपणे सांगितले, "आज ती अंधारातून चालत घरी गेली असती, तर पुढच्या वर्षी घरच्यांनी तिला पाठवलं नसतं." या उत्तरात मला काही खोट काढता येईना, आणि तरीही ते गळी उतरेना. ती बाई परत यावी म्हणून तिचे बोलणे तोडायचे, आणि परत आल्यावर तिला पुन्हा बोलावेसे वाटेलच याची हमी कुणी द्यायची? ही टोचणी घेऊनच मी महोत्सव भरवणाऱ्या या मंडळींकडे नीट बघू लागले.

सामाजिक न्यायाचा चित्रपट महोत्सव म्हटले, की आपण चित्रपटांची यादी मागतो. कोणते विषय, कोणते दिग्दर्शक, कुठले पुरस्कार. महोत्सव भरवणाऱ्या माणसांच्या डोळ्यांसमोर मात्र महिनोन्महिने वेगळीच यादी असते. चवथ, मग भातकापणी, मग दिवाळी, मग जत्रा, मग मुलांच्या परीक्षा, मग शिगमो, यांच्या फटींतून उरणारे तीन-चार दिवस हुडकायचे. त्या दिवसांत कुणाकडे लग्न नाही ना, हे बघायचे. खाजगी बसवाले रविवारी शेवटची फेरी मारतात की नाही, हे थेट चालकांना विचारून घ्यायचे, कारण वेळापत्रकात असलेली फेरी प्रवासी कमी असले की होतच नाही. सरांच्या वहीत प्रत्येक चित्रपटापुढे त्याची लांबी मिनिटांत लिहिलेली असते आणि तिच्या शेजारी लाल शाईने बसची वेळ. एखादा चित्रपट चांगला आहे की नाही यावर ते क्वचितच बोलतात, पण तो बसमध्ये बसतो की नाही, यावर त्यांच्याशी वाद घालण्याची कुणाची प्राज्ञा नाही.

निवडीचे काम पावसाळ्यात चालते. कुडचड्यातल्या एका वकीलबाईंच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ही पाच-सात माणसे रात्री जमतात. वकीलबाई मुंडकारांचे, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांचे, खटले चालवतात. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून हाकलण्यापासून संरक्षण मिळाले, पण पायाखालची जागा नावावर होण्यासाठी मामलेदाराच्या कचेरीत पिढ्या खर्ची पडतात, हे त्यांना रोजच्या रोज दिसते. आरोग्य केंद्रातल्या एक परिचारिका आहेत, वीज खात्यातले एक लाईनमन आहेत, केप्याच्या महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आहे. दिग्दर्शकांनी पाठवलेल्या दुव्यांवरून चित्रपट बघायचे, आणि बाहेर पाऊस धो धो कोसळत असताना मध्येच इंटरनेट जायचे किंवा वीज जायची. मग काळोखात आधी बघितलेल्यावर चर्चा. मी त्या बैठकांना जाऊन बसते. तिथे जे ऐकले तसे चित्रपटांविषयीचे बोलणे मी पणजीच्या कुठल्याही परिसंवादात ऐकलेले नाही. परिचारिका प्रत्येक चित्रपट संपल्यावर एकच प्रश्न विचारतात: हा ज्याच्यावर काढला आहे तो माणूस आपल्या सभागृहात बसून हा बघत असेल, तर तो ताठ बसेल की मान खाली घालेल? या एका प्रश्नावर नावाजलेले चित्रपट गळतात. गटारात उतरणाऱ्या कामगारांवरचा एक चित्रपट मला फार मोलाचा वाटला होता. त्यात एका मृताच्या बायकोचा आक्रोश कॅमेरा जराही न हलता टिपत राहतो. परिचारिका म्हणाल्या, "तिला कुणी विचारलं होतं का, की बाई, तुझं हे रडणं आम्ही लोकांना दाखवू का म्हणून?" चित्रपट यादीतून गेला. हाताने मैला साफ करायला लावणे १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरूनही माणसे गुदमरून मरतच आहेत, आणि लोकांना अस्वस्थ करणारे ते दृश्य दाखवायलाच हवे होते, असे माझे मत होते. ते आजही तसेच आहे. पण तो प्रश्न विचारण्याचा परिचारिकांचा हक्क मला माझ्या मतापेक्षा मोठा वाटतो, कारण अशा बायकांच्या शेजारी रात्रपाळीला बसून त्यांनी तो कमावला आहे.

जागेचा प्रश्न याहून अवघड. गावात सर्वांत प्रशस्त, पंख्यांची, रंगमंचाची, पिण्याच्या पाण्याची सोय असलेली जागा म्हणजे देवळाचा सभामंडप, आणि पहिल्या वर्षी तो मोफत द्यायला समिती तयार होती. बैठकीत त्यावर बरेच तास खल झाला. आपल्याकडे देवस्थानांचे महाजन, म्हणजे कारभाराचा हक्क असलेले सभासद, वंशपरंपरेने ठरतात आणि ती यादी बहुतेक ठिकाणी जातीचीच यादी असते. कुणाला आत यायला मज्जाव नाही, हे खरे. पण मज्जाव नसणे आणि आपल्या जागेत आल्यासारखे पाय पसरून बसता येणे, यांत अंतर आहे, असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. त्यावर लाईनमन, जे स्वतः गावडा या आदिवासी समाजातले आहेत, म्हणाले की उलट तिथेच दाखवूया, आमची माणसे त्या मंडपात खुर्च्यांवर बसलेली गावाला दिसू देत. दोन्ही बाजू मला पटल्या. शेवटी शाळेचे सभागृह ठरले आणि लाईनमन दोन दिवस नाराज राहिले. तिसऱ्या दिवशी काळे कापड खिडक्यांना ठोकायला तेच शिडीवर चढले होते.

त्या कापडाविषयी थोडे सांगितले पाहिजे. शाळेचे सभागृह जुने, मंगळुरी कौलांचे, आणि मोठमोठ्या खिडक्यांचे. दुपारी तीन वाजता तिथे अंधार करायचा, म्हणजे प्रत्येक खिडकीवर दुहेरी कापड, कापडाच्या कडांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि दारावर जाड गोधडी. एवढे करूनही कौलांच्या सांध्यांतून उन्हाचे कवडसे पडद्यावर येतात आणि सूर्याबरोबर सरकत राहतात. लाईनमन आदल्या दिवशी त्याच वेळी सभागृहात बसून, कवडसा कुठून कुठे जातो ते खडूने भिंतीवर आखतात आणि तेवढ्याच कौलांखाली कापड ताणतात. खिडक्या बंद झाल्या, की आत उकडते. पंखे सुरू केले, की आवाज ऐकू येत नाही. मग पहिला अर्धा तास पंखे चालू, पुढे लोक चित्रपटात गुंतले की हळूहळू कमी करायचे, हा त्यांचा ठरलेला क्रम. भजी आणि चहा मध्यंतरात येतो, तेव्हा गोधडी बाजूला होते आणि बाहेरचा वारा आत शिरतो.

हे करणारी माणसे चित्रपट बघत नाहीत. ती मागच्या भिंतीला टेकून लोकांकडे बघत असतात. कोण उठले, कोण कंटाळले, कोणत्या प्रसंगाला कुणी शेजारणीचा हात धरला, ते सगळे त्यांना दिसते, आणि रात्री हिशेबाच्या वेळी पैशांच्या आधी याचा हिशेब होतो.

२००४ हे वर्ष मला या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवते. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती पाडली गेली आणि कितीतरी बायका, मुले, मजूर उघड्यावर आले. त्याच वर्षाच्या अखेरीस भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत आला आणि आपले शहर रोषणाईने उजळले. आणि त्याच वर्षी, सुरुवातीलाच, मुंबईत माहितीपटकारांनी आपला स्वतःचा महोत्सव भरवला होता. तिथल्या सरकारी माहितीपट महोत्सवाने भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र सक्तीचे करू पाहिले, त्याविरुद्ध उठलेल्या आवाजातून 'विकल्प' उभे राहिले आणि प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात लोकांनी ते चित्रपट बघितले. दोन वर्षांनी, मार्च २००६ मध्ये, गोरखपूरला 'प्रतिरोध का सिनेमा' हा महोत्सव सुरू झाला. कंपन्यांचे प्रायोजकत्व घ्यायचे नाही, लोकांच्या वर्गणीतून जेवढे जमेल तेवढे करायचे, हा त्यांचा बाणा. आमच्या या मंडळींपैकी सर पणजीच्या महोत्सवात वर्षानुवर्षे रांगेत उभे राहून जगाचा सिनेमा शिकले, आणि त्याबद्दल ते कृतज्ञतेने बोलतात. वकीलबाई त्या पावसाळ्यात बायणाला जाऊन आल्या होत्या. एकाच वर्षाच्या या दोन आठवणी एका टेबलाशी बसल्या, म्हणून आमच्याकडचा महोत्सव जसा आहे तसा झाला, असे मी मानते.

वर्गणीचे पावतीपुस्तक केप्याच्या त्या विद्यार्थिनीकडे असते. शंभर, दोनशे, क्वचित पाचशे. एका वर्षी एका बांधकाम व्यावसायिकाने सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. त्याच्या प्रकल्पासाठी डोंगर कापला जात होता आणि त्या डोंगराखालच्या वाड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, माणसे आमच्या प्रेक्षकांत होती. नकार द्यायला कुणाला वेळ लागला नाही. पण नकार दिल्यावर मांडववाल्याचे, जनरेटरचे, भज्यांचे पैसे उभे करायला जी दमछाक झाली, ती कुठल्याही भाषणात येत नाही. तत्त्वाचा खर्च शेवटी कुणाच्या तरी पगारातून जातो, आणि तो बहुधा परिचारिकांच्या गेला.

कायद्याची बाजूही वकीलबाईच सांभाळतात. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे जाहीर प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागते, ते नसेल तर महोत्सवासाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळवावी लागते. तालुक्याच्या गावी साठ-सत्तर माणसांसाठी एवढा पत्रव्यवहार कशाला, असे मी एकदा विचारले. त्यांनी सांगितले, की कागद नसेल आणि कुणी तक्रार केली, तर पोलीस पडदा बंद करतील, आणि पडदा बंद झालेला ज्यांनी पाहिला ती माणसे पुन्हा कधीही येणार नाहीत. त्यांची माणसे आधीच कचेऱ्यांना भ्यायलेली असतात.

खाणपट्ट्यातल्या गावात जे घडले, त्याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द ठरवल्या. खनिजाच्या चिखलाने ज्यांची शेते बुजली आणि ज्यांच्या विहिरी आटल्या, त्यांनी वर्षानुवर्षे जे सांगितले होते ते न्यायालयात टिकले. पण त्याच वाड्यावर कर्ज काढून ट्रक घेतलेली माणसेही होती, आणि ते ट्रक अंगणात गंजत उभे राहिले. तिथे शेतकऱ्यांवरचा माहितीपट दाखवल्यावर एक ट्रकमालक उठला. तो ओरडला नाही. त्याने एवढेच विचारले, की शेतात चिखल आला त्या माणसावर तुम्ही सिनेमा आणलात, चांगले केलेत, माझ्या हप्त्यावर कुणी काढला असेल तर तोही आणा. वकीलबाईंनी उत्तर दिले, "आमच्या बघण्यात तरी नाही आला. शोधतो." आणि त्यांनी खरोखरच शोधला. दोन पावसाळे त्या शोधात गेले आणि हवा तसा चित्रपट सापडला नाही, तेव्हा त्या गावात माहितीपटानंतर पहिल्यांदा बोलण्याची वेळ त्या ट्रकमालकाला दिली गेली. यावर बैठकीत मतभेद झाले. लाईनमन म्हणाले, की ज्याने दहा वर्षे कमावले आणि ज्याने वीस वर्षे गमावले त्या दोघांना सारखा माईक देणे हा न्याय नव्हे. मला त्यांचे म्हणणे खरे वाटते. शेतकऱ्याने जास्त काळ वाट बघितली आहे आणि त्याच्याकडे विकायला ट्रकही नव्हता. पण त्या संध्याकाळी दोघे एकाच बाकावर बसून चहा प्यायले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत, तेही मी पाहिले, आणि त्यांना एकत्र बसवणे दुसऱ्या कुणालाही त्या गावात जमलेले नव्हते.

परभाषेतल्या चित्रपटांसाठी ती विद्यार्थिनी पडद्याच्या कडेला बसून संवाद मराठीत वाचते. तिच्या वहीत डाव्या समासात वेळा असतात, उजवीकडे वाक्ये. मोबाईलच्या दिव्यावर रुमाल बांधून तेवढाच उजेड ती वहीवर पाडते. सुरुवातीला ती पात्रांच्या आवाजात वाचायची, रागाच्या ठिकाणी राग आणायची. सरांनी तिला सपाट वाचायला शिकवले, आणि पडद्यावर कुणी रडत असेल तेव्हा वहीत वाक्य असले तरी गप्प राहायला परिचारिकांनी. आता ती इतके नेमके वाचते, की थोड्या वेळाने तिचा आवाज पडद्यातूनच येतो असे वाटू लागते. चित्रपट संपल्यावर आज्या तिच्याशीच बोलायला जातात, जणू ती कथा तिचीच आहे. एकदा एका आजीने तिला आपल्या मोडलेल्या लग्नाची हकीकत सांगितली. ती त्या चित्रपटातल्या बाईसाठी होती.

वालकिणीच्या बाई पुढच्या वर्षी आल्या. तोपर्यंत सरांनी सगळा क्रम बदलून टाकला होता: चित्रपट दुपारी दोनला, चर्चा चारला, आणि बसच्या आधी पाऊण तास मोकळा. मी मुद्दाम त्यांच्या जवळ बसले होते. त्या पूर्ण वेळ बसल्या, चहा प्यायल्या, चर्चेत इतर बायका बोलल्या ते त्यांनी लक्ष देऊन ऐकले, आणि स्वतः काही बोलल्या नाहीत. मी विचारावे का, असे मनात आले आणि मी विचारले नाही, कारण तो प्रश्न माझ्या कुतूहलाचा झाला होता. सरांना मी म्हटले, की बघा, गेले ते गेलेच. त्यांनी मान्य केले. "गेलंच," ते म्हणाले, "पण बाकीच्या बोलल्या ना." इतर बायका बोलल्या याचा आनंद आणि त्या एका बाईचे राहून गेलेले बोलणे, या दोहोंची वजाबाकी मला करता येत नाही आणि करूही नये असे वाटते.

यंदाचा वाद 'जय भीम कॉम्रेड'वरून चालू आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले, त्यानंतर काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले, आणि आनंद पटवर्धन पुढची चौदा वर्षे ती गाणी, ते मोर्चे, तो खटला टिपत राहिले. २०११ मध्ये पुरा झालेला हा माहितीपट आमच्या लोकांना वाचून दाखवावा लागणार नाही, त्यातले पोवाडे आणि गाणी त्यांच्या कानांना थेट कळतील. पण तो तीन तासांच्या घरात जातो आणि सरांच्या वहीत तो कुठल्याच बसमध्ये बसत नाही. निवडक भाग दाखवावेत, ही सूचना वकीलबाईंनी पहिल्या मिनिटात फेटाळली: चौदा वर्षे एखाद्याने दिली असतील तर आपण तीन तास द्यायला हवेत. रात्रभर जत्रेतले नाटक बघणारी माणसे तीन तासांना घाबरतील कशाला, असे लाईनमन म्हणतात, पण जत्रा ज्याच्या त्याच्या गावात असते आणि घर हाकेच्या अंतरावर असते, हे सरांचे उत्तरही बिनतोड आहे. त्यातूनच आता नवी सूचना आली आहे: माणसांना बसने चित्रपटापाशी आणण्याऐवजी पडदाच वाड्यावाड्यांवर न्यायचा, रात्री जेवणे झाल्यावर मांडावर, म्हणजे वाड्याच्या सामायिक अंगणात, लावायचा, आणि चर्चा किती लांबवायची ते वाड्याने ठरवायचे. त्यात एक अडचण आहे, ती परिचारिकांनी मांडली. वाड्यावर सगळे एकमेकांचे सोयरे. ज्या सासूविरुद्ध, भाटकाराविरुद्ध किंवा मुकादमाविरुद्ध एखादीला बोलायचे असेल, तो तिथेच समोर बसलेला असेल. शाळेत परक्या गावच्या माणसांत तिला जेवढे मोकळे होता येते तेवढे तिथे येणार नाही. या मुद्द्यावर सगळेच थांबले आणि त्या रात्री निर्णय झाला नाही.

मला स्वतःला परिचारिकांचे म्हणणे पटते. हा चित्रपट शाळेतच, दोन दुपारींत अर्धा-अर्धा दाखवावा, दोन्ही दिवशी बसच्या आधी तासभर मोकळा ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीच्या भाड्याचे पैसे वर्गणीतून द्यावेत, असे मी बैठकीत सांगितले आहे. भाड्याला किती लागतील त्याचा हिशेब सरांनी मागितला आहे. पावतीपुस्तक सध्या माझ्याकडे आहे, आणि पुढच्या आठवड्यात मी सावर्ड्यापासून सुरुवात करणार आहे.